विसरणं आणि न दिसणं

करुणा मेश्राम गेली हे मला गुरुग्रामच्या ऑफिसात कळलं. जेवणाची सुट्टी संपत आली होती, मी कँटीनच्या नळावर डबा विसळत होते आणि मिलिंदचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. बातमी अनपेक्षित नव्हती. स्वादुपिंडाचा कर्करोग कसा वागतो हे करुणानंच मला उन्हाळ्यात, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशा आवाजात, समजावून सांगितलं होतं. मी डबा पुसला, ठरलेल्या मीटिंगला जाऊन बसले, एका जर्मन कराराच्या भाषांतरातल्या दोन शब्दांवर वाद घातला आणि मगच कॅब बोलावून दिल्लीतल्या द्वारकेला घरी आले. मीटिंगला का बसलीस, असं अभयनं, माझ्या नवऱ्यानं, नंतर विचारलं. करुणानं असं विचारलं नसतं. माणसानं दुःख कसं करावं हे दुसऱ्यानं ठरवू नये, असं तिचं मत होतं.

आता काही आठवडे झालेत. तिच्या संस्थेत शोकसभा झाली, तिथे तिच्या कामाबद्दल लोक चांगलं बोलले. ते ऐकताना मला मात्र दक्षिण दिल्लीतल्या मुनिरक्यातली आमची विद्यार्थिदशेतली खोली दिसत होती. त्या गल्लीत समोरासमोरच्या गच्च्या इतक्या जवळ की वरून आभाळाची एक पट्टी तेवढी दिसायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. मी पुण्याहून जर्मन शिकायला आलेली, ती भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून औषधशास्त्रात पीएचडी करायला आलेली. तिचे वडील पोस्टात होते, ते लवकर वारले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं की तुझ्या कपड्यांना कसला तरी वास येतो. "उंदरांचा," ती म्हणाली. "म्हणजे त्यांच्या पिंजऱ्यातल्या भुशाचा. सवय होईल." खरंच झाली.

ती उंदरांना विसरायला लावायची. तिचं काम याहून सोप्या शब्दांत मला सांगता येत नाही, आणि तिलाही आईला फोनवर सांगता यायचं नाही. आई पलीकडून विचारायची, "अन् हे करून काय भेटते वं तुले?" आणि करुणा हसून विषय बदलायची. मला मात्र तिनं एकदा प्रयोगशाळेत नेऊन सगळं दाखवलं. एक मोठा गोल हौद, त्यात दुधी केलेलं पाणी. पाण्याच्या पातळीखाली जेमतेम बुडालेला एक छोटा चौथरा, जो वरून दिसत नाही. पांढरा उंदीर पाण्यात सोडला की तो गोलगोल पोहत राहतो, चुकूनमाकून चौथरा पायाला लागला की वर चढून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी कमी शोधतो. काही दिवसांनी सोडल्यासरशी तीरासारखा चौथऱ्याकडे जातो, कारण भिंतीवर लावलेल्या खुणांवरून त्यानं जागा लक्षात ठेवलेली असते. मग त्याला एक औषध टोचायचं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनांच्या हातून. शिकण्याशी आणि आठवणीशी ज्याचा मोठा संबंध आहे असं एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. हे औषध त्या निरोप्याचीच वाट अडवतं. निरोप निघतो, पण पुढची पेशी दार उघडत नाही. काल रस्ता पाठ असलेला उंदीर आज पुन्हा नवख्यासारखा गोलगोल फिरायला लागतो... करुणा शेजारी घड्याळ घेऊन उभी असायची. तो बाहेर आला की त्याला टॉवेलमध्ये घेऊन कोरडा करायची आणि दिव्याच्या उबेत ठेवायची. तिचे सहकारी यावरून तिला हसायचे. ती म्हणायची, गारठलेला उंदीर पुढच्या वेळी चुकीचं उत्तर देतो. ती तेवढ्यासाठीच हे करायची की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

प्रयोग संपला की उंदीर मारावे लागत आणि त्यांचे मेंदू तपासावे लागत. ते काम ती दुसऱ्यावर सोपवत नसे. त्या दिवशी ती घरी येऊन नीट जेवायची, रोजच्यासारखी, आणि मला ते खटकायचं. एकदा मी बोलून दाखवलं. तिनं शांतपणे भात कालवला. "मी उपाशी राहिले तर त्यांना काय फरक पडतो, यार? मी फार तर काम नीट करू शकते," ती म्हणाली.

तिच्या पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात एका वनस्पतीच्या अर्कानं उंदरांचं विसरणं कमी होतंय असं दिसायला लागलं. तिचे मार्गदर्शक खूश होते. तिचा शोधनिबंध एका नियतकालिकानं स्वीकारला होता, संस्थेत पेढे वाटून झाले होते. आणि नेमका तेव्हा करुणाला एक प्रश्न पडला. विसरायला लावणाऱ्या त्या औषधानं डोळ्यांच्या बाहुल्याही मोठ्या होतात हे पुस्तकात लिहिलेलं असतं, सगळ्यांना माहीत असतं. तिनं चौथरा पाण्याच्या वर काढला आणि त्यावर छोटं काळं निशाण लावलं. आता लक्षात ठेवायचं असं काही उरलंच नव्हतं. समोर दिसतंय तिकडे पोहत जायचं, बस. तरीही औषध दिलेले कितीतरी उंदीर त्याच्या बाजूनं निघून जात राहिले. ते सगळेच्या सगळे विसरलेले नव्हते. प्रयोगशाळेच्या झगझगीत दिव्यांखाली त्यांतल्या काहींना धड दिसतच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती खोलीवर आली ती दमलेली होती, दुःखी वगैरे नव्हती. पलंगावर बसून तिनं मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आपण विसरला म्हणतो. आधी त्याला दिसतंय का ते तरी बघायला पाहिजे ना." निबंध मागे घ्यायचा असं तिनं ठरवलं होतं. मार्गदर्शकांनी बरंच समजावलं. निकाल खोटा नाही, थोडा मोघम आहे, असे मोघम निबंध रोज छापून येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. निबंध मागे गेला, पदवी लांबली, परदेशात ठरत आलेली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सगळे प्रयोग तिनं मंद प्रकाशात पहिल्यापासून केले. अर्काचा गुण थोडासा उरला, पेढे वाटण्याइतका नाही. त्या काळात ती कधी चिडली, रडली असेल तर माझ्यासमोर नाही. तिच्या शेजारी राहताना मला कधीकधी वाटायचं की हिच्यात काहीतरी कमी आहे. ते कमी नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुढे माझं लग्न झालं, गुरुग्रामात नोकरी लागली, आम्ही द्वारकेत फ्लॅट घेतला. करुणा दिल्लीतच एका संस्थेत शिकवायला आणि उंदरांवरचं कामही करायला लागली आणि तीही द्वारकेत, दोन सेक्टर सोडून, राहायला आली. लग्न तिनं केलं नाही. त्याबद्दल तिला विचारायचं धाडस फक्त तिच्या आईत होतं. ती आई निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी भंडाऱ्याहून कायमची लेकीकडे आली. मी तिला पूर्वी पाहिलं होतं ती ताठ कण्याची, खणखणीत आवाजाची बाई होती. वर्गात छडी न घेता शांतता करणारी. दिल्लीत आली ती वेगळीच. एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायची. शेजारणीनं वाटी चोरली म्हणायची. एका दिवाळीत मी गेले तर माझ्याकडे बराच वेळ बघून करुणाला म्हणाली, "ही कोण होय?" डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, वयाचा. करुणानं तो मान्य केला, आईसाठी एक बाई ठेवली, दारांना वरून कड्या लावून घेतल्या. एका हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली, अंथरुणाला खिळली आणि महिन्याभरात न्यूमोनियानं गेली. जाताना ती करुणाला आपली शाळेतली शिपाईण समजत होती आणि घंटा द्यायला सांगत होती... करुणा "हो बाई, देते" म्हणायची.

यानंतर काय घडलं ते मला पुष्कळ उशिरा समजलं, आणि समजायचं कारण माझी आई.

बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून आमच्याकडे आणलं. दोनेक वर्षं ती उत्तम राहिली. सोसायटीतल्या बायकांशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायची, मेट्रोनं एकटी कॅनॉट प्लेसला जाऊन यायची. मग हळूहळू ती विझायला लागली. कुकरमध्ये पाणी घालायचं राहून गेलं. खाली फिरायला गेली आणि आमचा टॉवर सोडून दुसऱ्याच टॉवरमध्ये, आमच्याच मजल्यावरची बेल वाजवत उभी राहिली. मला मुक्ता म्हणायच्या ऐवजी तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागली. अभय आणि मी एकमेकांच्या नजरा चुकवत, दिवसभराची बाई ठेवायची की आणखी काही करायचं, याबद्दल बोलायला लागलो. करुणाच्या आईचं सगळं मी पाहिलेलं होतं, त्यामुळे पुढचा रस्ता मला माहीत आहे असं मी धरून चालले होते.

करुणा तेव्हा परदेशातल्या कामावरून वर्षभरानं परतली होती. जेवायला आली. आईनं तिला ओळखलं, पण जेवताना तेच तेच विचारत राहिली. करुणानं तिला वार, तारीख, पंतप्रधान असलं काही विचारलं नाही. ती नुसती बघत होती. आई घासागणिक पाणी पीत होती, बोलताना तिची जीभ टाळूला चिकटत होती, आणि खिडकीतल्या उन्हाकडे तिनं पाठ करून घेतली होती, डोळ्यांना लागतं म्हणून. "काकू, गोळ्या कुठल्या घेता हो तुम्ही?" करुणानं विचारलं. मी गोळ्यांचा डबा आणून ठेवला. रक्तदाबाची होती, कॅल्शियम होतं, लघवी आवरत नाही म्हणून पुण्यातल्या डॉक्टरांनी सुरू केलेली एक होती, आणि खाज सुटते, झोप लागत नाही म्हणून केमिस्टकडून परस्पर आणलेली एक. ती पाकिटं करुणानं हातात घेतली, उलटून वाचली आणि खाली ठेवली. मग उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"यातल्या दोन गोळ्या तेच करतात, जे मी उंदरांना करायचे," ती म्हणाली. "थोड्या प्रमाणात. पण रोज, आणि या वयात."

मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं सांगितलं, खाली पार्किंगकडे बघत. तिची आई गेल्यानंतरच्या वर्षी ती वर्गात शिकवत होती. विषय तिचाच, ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅम, ये सब लॅब में ही होता है या नॉर्मल दवाइयों में भी? करुणा फळ्याकडे तोंड करून एकेक नाव लिहायला लागली. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतात ती, सर्दीची जुनी औषधं, लघवीसाठीची... आणि तिसरं नाव लिहिताना तिच्या लक्षात आलं की ही गोळी ती स्वतः रोज सकाळी आईच्या तळहातावर ठेवायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कधीकाळी सुरू केलेली. दिल्लीत कुणी बंद केली नाही, कारण कुणी बघितलीच नाही. तास पूर्ण करून ती स्टाफरूममध्ये जाऊन बसली.

"सकाळी आईला गोळी द्यायचे आणि संस्थेत जाऊन उंदराला सुई टोचायचे," ती म्हणाली. "एकच दार बंद करत होते मी दोन्हीकडे. आणि मला दिसलं नाही, मुक्ता."

मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. ती पुढे कोरडेपणानं बोलू लागली. गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं, दुसरं काही कारण नाही ना ते तपासायचं, आणि फार आशा धरायची नाही. डॉक्टरांकडे ती आमच्याबरोबर आली. ते तरुण होते, घाईत होते. या वयात असं होतंच, मॅडम, हे त्यांनी सौजन्यानं सांगितलं. करुणा तितक्याच सौजन्यानं म्हणाली की होतंही असेल, पण ही दोन औषधं असताना आपल्याला ते कळणार कसं? त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, कागद पुढे ओढला आणि वाचायला लागले. खाजेची गोळी बंद झाली, लघवीसाठीची बदलून हळूहळू कमी झाली, रक्ताच्या काही तपासण्या झाल्या.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. उलट आई चिडचिडी झाली, झोपेना. मी मनातून सोडून दिलं होतं. मग एका सकाळी मी आमटी ढवळत होते आणि मागून आवाज आला, "मुक्ता, गूळ दोनदा घातलास." मी वळून बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझं नाव तिनं बरोबर घेतलं होतं. गूळ खरंच दोनदा पडला होता.

आई पूर्ण परत आली असं म्हणता येणार नाही. मधली काही महिन्यांची जागा कोरीच राहिली, आजही नव्या माणसांची नावं तिच्या हातून निसटतात. पण ती परत आमची झाली. त्या आनंदात मी एकदा करुणाला नको तो प्रश्न विचारला, तुझ्या आईचंही असंच झालं असतं का गं? तिनं विचार करून उत्तर दिलं. "माहीत नाही. तिला खरा आजारही असेल. उंदीर शंभर आणता येतात, आई एकच होती. तो प्रयोग परत करता येत नाही." तिला दिलासा नको होता आणि दोषही कुणी वाटून घ्यायला नको होता. पुढच्या वर्षांत तिनं एक केलं. द्वारकेतल्या सोसायट्यांमध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांत, कुणी बोलावेल तिथे जाऊन ती बोलायची. भाषण नाहीच; सगळ्यांना सांगायची की आपापल्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आणि त्यातल्या कुठल्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं ते समजावून द्यायची. बहुतेकांच्या पिशवीत काही निघत नसे. काहींच्या निघे. आईचा उल्लेख ती कधी करत नसे.

शेवटची भेट तिच्या घरीच झाली. ती खूप बारीक झाली होती, मिलिंद सुट्टी काढून येऊन राहिला होता. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि गावाकडचे नातेवाईक काय म्हणतील या विचारानं मिलिंद बेचैन होता. माझ्यासमोर तो म्हणाला, "ताई, एकदा अजून विचार कर ना." करुणा उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी एवढे उंदीर कापले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं, मी हो म्हटलं. झालं." मग तिनं मला ऑफिसचं काहीतरी विचारलं, आणि मी निघताना काकूंना मटार खायला घाल म्हणाली, सीझन सुरू होईल आता. मिलिंदनं पुढे सगळं तिच्या मनासारखं केलं. घरी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि मग कॉलेजची गाडी आली. तिला खाली नेताना गावाहून आलेल्या तिच्या एका मावशीनं "जय भीम, बाई" म्हणून हात जोडले, तेवढाच काय तो आवाज.

ती आजारी पडण्याआधी थंडीतल्या रविवारी आमच्याकडे यायची आणि आई आणि ती बाल्कनीतल्या उन्हात बसून मटार सोलायच्या. गेल्या रविवारी यंदा पहिल्यांदाच घरी मटार आले. आईनं बाल्कनीत दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या, मधे वर्तमानपत्र अंथरलं, शेंगा ओतल्या आणि हातानं त्यांचे दोन ढीग केले; एक स्वतःकडे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी दारातून बघत होते. तिला करुणा गेल्याचं आम्ही सांगितलं होतं, ती रडलीही होती. आता पुन्हा सांगावं लागणार, आणि पुन्हा, आणि त्यापुढचं सगळं... मी जवळ गेले आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात म्हटलं, "आई, करुणा..."

"माहितेय मला," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही, शेंग उकलून दाणे भांड्यात सोडले. "गेली ती. तू बस की तिथे."

मी बसले. मला नीट सोलता येत नाही, निम्मे दाणे वर्तमानपत्रावर सांडत होते. आई ते बघत होती आणि एकेक दाणा उचलून भांड्यात टाकत होती.